भुऱ्या कुणाचा, नाना?

नाना, यंदा घोड्याची दोरी अक्काच्या हातात होती.

दिवाळीनंतर साक्रीकडून निघालेला तुमचा कळप सातपुड्याचा सगळा पायथा पालथा घालून चैत्रात आमच्या यावलला येतो. तो यायच्या दिवसांत माझं केळीत लक्ष लागत नाही. रावेरच्या अंगाला आधी धूळ दिसते, मग घंटा ऐकू येतात, मग आकडीची काठी खांद्यावर घेतलेले तुम्ही दिसता. यंदा धूळ दिसली, घंटा ऐकू आल्या, आणि मग बिऱ्हाड लादलेला घोडा आणि त्याच्यापुढे अक्का, तुमची कारभारीण. मी तिच्या मागे बघत राहिलो. माझं बघणं तिनं बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, बठ." माझ्याच शेतात तिनं मला बसायला सांगितलं आणि मी ढेकळांवर बसलो.

कसे गेलात ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. तुम्हीही कुठली गोष्ट दोन वाक्यांच्या वर नेली नाहीत कधी.

आज अठरा दिवस झाले. तुमची तीनशे मेंढरं माझ्या खालच्या शेतात बसली आहेत, उद्या निघतील. मी निंबाखाली वही घेऊन बसलो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. तुम्ही समोर असता तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं, हेही माहीत आहे. पाच वर्षांपूर्वी मी तुमच्या तळावरून कुत्रं चोरून आणलं. त्याबद्दल तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत, मीही काढलं नाही. दर चैत्रात ठरवायचो की या खेपेला सांगून टाकू. आता कुणाला सांगू?

सुरुवात तुमच्या काळीपासून झाली. बाकीच्या मेंढक्यांची कुत्री राखण करतात, लांडगा आला की भुंकतात आणि एरवी झोपतात. तुमची काळी मात्र मेंढरं वळवायची. मी तेव्हा पंचविशीचा, नुकती बाग हातात आलेली, जगातलं सगळं आपल्याला कळतं असं वाटण्याचं वय. एकदा पाच-पन्नास मेंढरं शेजारच्या केळीकडे वळली. मी ओरडलो, धावलो, माझी चप्पल तुटली. तुम्ही जागचे हालला नाहीत, नुसती आकडी थोडी उचलली. काळी पोट जमिनीला टेकवत एक मोठा वळसा घालून गेली आणि सगळा कळप एखादं पांघरूण घडी करावं तसा आत मुडपला. भुंकणं नाही, चावणं नाही. मी तुटकी चप्पल हातात धरून बघत राहिलो.

मी तिचं पिल्लू मागितलं. तुम्ही बराच वेळ माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होतात.

"चालस का तू?" तुम्ही विचारलंत.

"सायकल आहे की," मी म्हणालो.

तुम्ही इतके हसलात की अक्का चुलीपासून उठून बघायला आली. पण तिसऱ्या दिवशी पिल्लू माझ्या हातात आलं. भुऱ्या रंगाचं, एक कान उभा, एक पडका, आणि डोळे असे की आपण काहीतरी विसरलोय आणि ते त्याला आठवतंय.

मी त्याचं नाव राजा ठेवलं. जळगावच्या बाजारातून साखळी आणली, पितळेचं घुंगरू लावलेला पट्टा आणला. सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी. झोपायला जुनी गादी. माझी बायको कमल म्हणायची, "माझ्या माहेरहून कुणी आलं तर त्याची इतकी बडदास्त नाही ठेवली तुम्ही." मला वाटत होतं, कुत्रं सांभाळणं ते हेच. खाऊ घालायचं, लाड करायचे आणि हरवू नये म्हणून बांधून ठेवायचं. माणसांचंही आम्ही तेच करतो, त्यामुळे चूक लक्षात यायला वेळ लागला.

सात-आठ महिन्यांचा झाला तसा राजा घर खायला लागला. बाजेची सुंभं, कोयत्याच्या मुठी, कमलच्या दोन चपला. म्हणून त्याला बागेत नेऊन मोकळा सोडला. आमच्या बागेत कामाला येणाऱ्या बायका आपली लहान लेकरं बांधावरच्या या निंबाखाली बसवून घड कापायला जातात. राजानं ती लेकरं बघितली आणि त्याला आयुष्यात काहीतरी सापडलं. एक लेकरू रांगत बाहेर निघालं की हा वळसा घालून त्याला आत आणायचा. दुसरं निघालं की दुसऱ्याला. पहिले चार दिवस बायकांना गंमत वाटली. सुगराबाई म्हणाली, "भाऊ, मह्या पोराले त्यानं तीनदा आनून बसोलं. मह्या सासूपेक्षा बरा हाये."

पाचव्या दिवशी एक लेकरू हट्टाला पेटलं आणि राजानं त्याच्या टाचेला दात लावले. मेंढराला लावतात तसे, पण लेकराची टाच ती. रक्त आलं. ते लेकरू सुगराबाईचंच होतं.

"पोरगं मोठं का कुत्रं मोठं, ते सांग भाऊ," ती म्हणाली. बाकीच्या बायका तिच्यामागे उभ्या होत्या. कुणी म्हणालं गोळी घाला, कुणी म्हणालं सातपुड्यात सोडून या. मी म्हणालो, बांधून ठेवतो. आणि बांधलं ते बांधलंच, नाना. तुम्ही परत येईपर्यंत पुरते पाच महिने. शेडच्या खुंट्याभोवती तो दिवसभर फिरायचा. गवत गेलं, माती गेली, खुंट्याभोवती एक गोल चर पडला, घोटाभर खोल. मी रोज दूध-पोळी घेऊन तो चर ओलांडायचो.

तुम्ही आलात, तो चर बघितलात आणि उकिडवे बसलात. बोटांनी त्याची खोली बघितलीत.

"हाई काय करं भाऊ?"

"पिसाळल्यासारखं करतो नाना. पागल झालाय."

"पागल नही शे तो. त्याले काम नही शे." आणि थोड्या वेळानं, "नाव काय ठेवं?"

"राजा."

"मंग तो काम कसाले करी?"

तुम्ही पट्टा काढलात आणि त्याला भुऱ्या म्हणून हाक मारलीत, जणू मधलं वर्ष झालंच नव्हतं. दोन महिन्यांचा असताना दुरावलेली मेंढरं त्याला समोर दिसली. तो आधी थरथरला. मग पोट जमिनीला टेकवून त्यानं तोच मोठा वळसा घेतला, आईचा. त्याला कुणी शिकवला होता हो? मी तर त्याला पंजा द्यायला शिकवत होतो.

संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "देई दे माले परत."

तिथून आपला वाद सुरू झाला, तो आज माझ्याकडे अर्धाच उरलाय. मी म्हणालो, "दिलेलं परत मागतात का नाना?" हे बोलताना मला स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द तोंडातून गेला होता. माझ्याकडे त्याला सावली आहे, दूध आहे, माझी माया आहे, तुमच्याकडे काय आहे, उन्हातान्हात वणवण? तुम्ही चिलीम भरत होतात.

"माया पानीसारखी रहास भाऊ. चालीसन उनं मंग गोड लागस."

मी म्हणालो, चालून आल्यावर पाणी गोड लागतं, हे सगळं बोलायला ठीक आहे. तुम्ही म्हणालात, "चाल मनासंगे आठ दिन. मंग माले सांग."

मी आलो तो रागानं आलो. कमलनं दशम्या बांधून दिल्या आणि कपाळावर हात मारला. केळीचा बागाईतदार मेंढरांमागे चाललेला बघून यावलच्या बसस्टँडवर लोक हसले. दुसऱ्या दिवशी पायाला फोड आले. तिसऱ्या दिवशी कुणावर रागावलोय ते आठवेना.

नाना, ते आठ दिवस मला अजून नीट वेगळे करता येत नाहीत. आता डोळे मिटले तरी ते एकच लांब दिवस होऊन समोर येतात. पहाटेचा गार फुफाटा पायाखाली मऊ लागायचा. पुढे तुम्ही, मध्ये मेंढरांच्या पाठी हलत असायच्या, आणि मला वाटायचं की आपण चालत नाहीच आहोत, जमीनच मागे सरकतेय. चालता चालता झोप लागते हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मी झोपायचो आणि पाय चालत राहायचे. जाग यायची तेव्हा दुसरंच शिवार असायचं, दुसऱ्याच गावाची चिंच, दुसऱ्याच विहिरीची मोट, आणि त्या सगळ्याभोवती भुऱ्याचा वळसा चाललेला. तापी ओलांडली तेव्हा पाणी मांडीपर्यंतही नव्हतं. कोकरं तुम्ही खांद्यावर घेतली होतीत, मेंढरं कुरकुरत उतरत होती, आणि भुऱ्या प्रवाहाच्या खालच्या अंगाला पोहत होता. वाहून जाणारं मेंढरू तिथेच येणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सूर्य पाण्यावर होता. मी पाण्यात उभा राहून किती वेळ बघत होतो कोण जाणे, शेवटी तुम्ही पलीकडून हाक मारलीत.

तुम्ही शिकवत काहीच नव्हतात. विचारलं तर दाखवायचात. दुपारी जमीन तापली की भुऱ्याला पाटाच्या पाण्यात बसवायचं, तेव्हा पळवायचं नाही. तळ पडला की सगळ्यांआधी त्याचे पंजे बघायचे, बाभळीचा काटा काढायचा, मग आपली चिलीम. कानाच्या आतली गोचीड चिमटीत धरून सावकाश ओढायची. खायला द्यायचं ते काम झाल्यावर, आधी नाही. मेंढरू वळवताना चुकला तर मारायचं नाही, कारण चूक बहुतेक वेळा माणसाची असते, आपण चुकीच्या जागी उभे असतो. मी दिवसभर "राजा, इकडे, राजा, तिकडे" करत होतो. चौथ्या दिवशी तुम्ही माझ्या तोंडावर बोट ठेवलंत. त्यानंतर भुऱ्या पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघायला लागला.

आणि संध्याकाळी तो शांत असायचा, नाना. वर्षभरात मी त्याला शांत बघितला नव्हता. कळप जाळीत बसला की तो एक फेरी मारायचा, मोठा श्वास सोडायचा आणि कोसळल्यासारखा आडवा व्हायचा. तुमच्या पायांशी, माझ्या नाही.

आठव्या दिवशी बोरीच्या कोरड्या पात्रात तळ पडला. उत्तर मला मिळालं होतं. मी हरलो होतो, आणि सकाळी तुम्ही विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं. म्हणून तुम्ही विचारायच्या आत मी उठलो. शुक्र वर आला होता, तांबडं फुटायला वेळ होता. मी भुऱ्याच्या गळ्यात दोरी घातली. तो उठला, तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तुम्ही घोंगडीत तोंड घालून झोपला होतात. काळी आणि दुसरं एक कुत्रं तुमच्या पलीकडे होतं, पण एकही भुंकलं नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. सडकेवर भुसावळकडे जाणारा सरकीच्या पोत्यांचा ट्रक मिळाला. त्यावर बसून मी चोरासारखा घरी आलो आणि कमलला सांगितलं, नानांनी स्वतःच परत दिला.

एवढं मात्र खरं की मी दुधा-पोळीचा बागाईतदार राहिलो नाही. अकरा शेळ्या घेतल्या. साखळी काढली, चर बुजवला. सकाळी दोन कोस, संध्याकाळी दोन कोस, सायकल न घेता. हळूहळू बायकांच्या शेळ्याही त्याच्या मागे लागल्या. सगळ्यात शेवटी सुगराबाईनं आपली शेळी आणली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "याले सांग, लंगडी हाये, सावकाश नेजो." मी सांगितलं नाही. त्यानं आपण होऊन सावकाश नेली.

तुम्ही दर वर्षी आलात. मी पहिल्या वर्षी घाबरून दोन दिवस शेताकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर तुम्ही भुऱ्याचा पंजा मांडीवर घेऊन बसला होतात. "काटा काढस ना?" एवढंच विचारलंत. तुमची मेंढरं आमच्या शेतात असेपर्यंत तो तुमचा असायचा. निघायच्या दिवशी मात्र मी त्याला शेडमध्ये कोंडायचो, वर्षातून तो एकच दिवस. आतून तो ओरडायचा आणि तुम्ही शेडकडे मान न वळवता पुढे निघून जायचात. मला वाटायचं, म्हातारा रागावलाय. मनात म्हणायचो, रागावू दे.

चार दिवसांपूर्वी मी अक्काजवळ बसलो होतो. ती भुऱ्याच्या कानातल्या गोचिडी काढत होती. मला राहवलं नाही. म्हणालो, "अक्का, मी याला चोरून आणलं होतं."

तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "माले माहीत शे. तुना नाना जागाच व्हता."

"जागा?" मी विचारलं.

"दोन्ही कुत्रासना तोंड धरी ठेयेल व्हतात त्यानी. घोंगडीमा. मी उठनू त माले म्हने, 'पडी ऱ्हाय. भाऊ जाई राहिना, जाऊ दे.' मी म्हनं, अरे तो कुत्रं लई जाई राहिना. त म्हने, 'मांगाले लाज वाटनी व्हई त्याले.'"

मी उठून केळीत गेलो, नाना. मोठमोठ्यानं रडलो. तिशी ओलांडलेला माणूस, पानांआड लपून. आधी वाटलं, चोराला 'मागायला लाज वाटली असेल' म्हणणारं किती मोठं मन. मग तुमचा राग आला. खरंच आला. पाच वर्षं मी स्वतःच्या नजरेत चोर होतो आणि तुम्ही एका वाक्यात मला सोडवू शकला असता. एक वाक्य, नाना! तुमच्याकडे दोन असायची. मग कळलं की तुम्ही मी बोलायची वाट बघत होतात. मी शेडला कडी घालत होतो आणि तुम्ही मान वळवत नव्हतात, कारण मला लाज वाटू नये. मी त्याला तुमचा राग समजलो.

काळी दोन वर्षांपूर्वीच गेली. आता तळावर जी दोन कुत्री आहेत ती नुसती भुंकणारी. अक्काबरोबर तिचा जावई आहे, चांगला आहे, पण त्याच्याकडून मेंढरं फुटतात. रोज दोन-चार हुडकायला जावं लागतं. अक्कानं यातलं काही मला सांगितलं नाही, मला दिसतं. आणि भुऱ्या हे अठरा दिवस घरी जेवायला आलेला नाही. तुमच्या घोंगडीवर झोपतो. कमल त्याचं ताट घेऊन बांधावर येते आणि तसंच परत नेते. आज सकाळी तीच म्हणाली, "अहो, द्या आता. आपल्यासाठी किती दिवस राहील बिचारा?"

म्हणून मी अक्काकडे गेलो. म्हणालो, "अक्का, भुऱ्याला घेऊन जा."

ती उठली. चुलीकडे गेली, बाजरीची भाकर थापली, भाजली, आणि तव्यावरून तशीच हातावर घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मला क्षणभर कळलंच नाही. तुमच्या घरची एक रीत मी इतक्या वर्षांत विसरून गेलो होतो. पिल्लू नेण्याच्या दिवशी तुम्ही मला माझ्या घरची भाकर आणायला लावली होतीत आणि ती माझ्या हातानं काळीला भरवायला लावली होतीत. जिनं वाढवलं तिला खाऊ घालायचं, तिनं खाल्लं तरच पिल्लू न्यायचं. तेव्हा मी घरी येऊन हसत सांगितलं होतं की नानांनी मला कुत्रीची परवानगी काढायला लावली.

अक्कानं भाकर मोडली आणि पहिला तुकडा माझ्या तोंडापुढे धरला. भुऱ्या आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता, एक कान उभा, एक पडका. मी नाही म्हणालो असतो तरी ती रागावली नसती, तुमचीच बायको ती.

ती एकेक तुकडा भरवत गेली. निम्मी झाल्यावर मी तिचा हात धरला, म्हणालो पुरे.

"बठ्ठी खा भाऊ," अक्का म्हणाली.

मी सगळी खाल्ली, नाना.